40 हजारांच्या कागदावर सही करावी का?

प्रश्न : वकीलसाहेब, आम्ही मिरज तालुक्यातले. आमचे मालक कुपवाड एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये सहा वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, आहेत. वय 30, पगार 15 हजार. ऑगस्ट 2025 मध्ये सेकंड शिफ्टला उजव्या हाताची दोन बोटं गेली. कारखान्याच्या मालकांनीच दवाखान्यात नेलं, बिलही भरलं. पण केसपेपरवर 'मोटारसायकलवरून पडून' असं लिहिलंय. ईएसआयचं कार्ड नाही. आता मालक म्हणतात, "तू ठेकेदाराचा माणूस. गार्ड नसताना हात घातलास, चूक तुझी. 40 हजार घे, कागदावर सही कर, मग हलकं काम देतो." तिथं कंपनीची 8 माणसं आणि ठेकेदाराची 16. त्यातले सात-आठ जण युनियन काढायचं म्हणतायत, त्यात हेही आहेत. सही करावी का? आणि युनियनमुळं आहे ते काम पण जाईल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात 'मालक' दोन आहेत आणि पहिल्यांदा वाचताना माझा चांगलाच गोंधळ उडाला. म्हणून तुमच्या मालकांना मी यजमान म्हणतो. इथून पुढं मालक म्हणजे कारखान्याचे.

सही करू नका. घाईगडबडीत आधीच केली असेल तरी जीव घाबरा करून घेऊ नका. मला भीती त्या 40 हजारांच्या कागदाची नाही, केसपेपरवरच्या त्या दोन शब्दांची आहे. त्यावर येतोच.

आधी पैसे कुणाकडं मागायचे ते बघू. ईएसआय म्हणजे राज्य कामगार विमा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला त्याचा कायदा लागू होतो आणि महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. तुमच्याकडं माणसं 24, पगार 15 हजार. ठेकेदाराची माणसं या मोजणीत धरली जातात. त्यांची विम्याची वर्गणी भरायची पहिली जबाबदारीसुद्धा कारखान्याच्या मालकावरच आहे, नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करायची की नाही हे त्यांचं ते बघतील. तेव्हा 'तू ठेकेदाराचा' हे वाक्य इथं चालत नाही.

कार्डच नाही, मग हक्क कसला, असं तुम्हाला वाटत असणार. कायदा विमाधारक कुणाला म्हणतो? ज्याची वर्गणी भरली किंवा भरायला हवी होती त्याला. मालकानं भरली नसेल तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देतं आणि तो खर्च मालकाकडून वसूल करतं. ही तरतूद कलम 68 मध्ये आहे. म्हणजे तुमचं मागणं ईएसआय महामंडळाकडं आहे, मालकाच्या मर्जीकडं नाही. अनेक घरांना हे माहीतच नसतं, आणि मग ती केबिनबाहेर बाकावर बसून राहतात.

किती मिळेल? एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता 20 टक्के घटली असं धरलंय. तुमच्या बाबतीत टक्केवारी मेडिकल बोर्ड ठरवेल. बोटाचा थोडा भागच गेला असेल तर आकडा खाली येतो. 20 टक्के धरले तर ढोबळ हिशेब असा : पगाराच्या 90 टक्के म्हणजे 13,500, त्याचे 20 टक्के म्हणजे महिना सुमारे 2,700 रुपये, तेही हयातभर. शिवाय जखम बरी होऊन कामावर जाण्याइतपत हात होईपर्यंतच्या काळात पगाराच्या साधारण 90 टक्के रक्कम वेगळी. ऑगस्टपासून तुमच्या घरात जे आलं नाही ते हे.

समजा ईएसआय लागू नसतं, तर 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यानं 15 हजारांचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वय 30 चा गुणांक 207.98, त्याचे 20 टक्के, म्हणजे 3,74,364 रुपये झाले असते. दोन्हीकडं मागता येत नाही. ईएसआय लागू असेल तर 1923 चा रस्ता बंद. हा आकडा मुद्दाम दिला, 40 हजार कशाशी ताडून बघायचे ते कळावं म्हणून. त्या 1923 च्या कायद्यातही, भरपाईचा हक्क सोडतो असा करार रद्दबातलच धरलाय.

नव्या कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी केलेले चार कायदे, आल्या, आता जुनं काही चालत नाही, असं कुणी सांगेल. चारही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, खरंय. पण अपघात ऑगस्टचा आहे. त्या दिवशी मिळालेला हक्क नवा कायदा आला म्हणून पुसला जात नाही.

आता केसपेपर. दवाखान्यात आधी मालक बोलतो आणि डॉक्टर तेच लिहितात. माणूस कळवळत असतो, बायको अजून एसटीत असते, आणि 'कसं झालं?' याचं उत्तर गाडी आणून उभी करणाराच देतो. गाडीवरून पडलं म्हटलं की कामावरचा अपघात उरतच नाही, ना ईएसआयकडं, ना फॅक्टरी इन्स्पेक्टरकडं. तो कागद खाडाखोड करून बदलून घेऊ नका, ते अंगलट येईल. दवाखान्यातून सगळ्या इनडोअर कागदांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा : ऑपरेशनची नोंद, एक्स-रे, ड्रेसिंगच्या नोंदी. गाडीवरून पडलेल्या माणसाचा गुडघा, कोपर, खांदा खरचटतो. दोनच बोटं एका रेषेत चेपून तुटत नाहीत. सर्जननं आपल्या नोंदीत 'चेपून' असं काही लिहिलं असेल तर तीच तुमची साक्ष. त्याला जोड म्हणून शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे त्या रात्रीचे मेसेज, बँकेत जमा झालेला पगार, बरोबरच्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. ग्रुपचे स्क्रीनशॉट आजच काढा. मालकाला सुगावा लागला की ग्रुप गायब होतो, हे मी दोनदा पाहिलंय.

'चूक तुझी' याबद्दल थोडं. गेल्या वर्षी एका खटल्यासाठी मी एका वर्कशॉपमध्ये प्रेस बघायला गेलो होतो. दोन बटणांची प्रेस, म्हणजे दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे पत्र्यावर आदळणारा जड भाग, खाली येऊ नये. दोन्ही हात बटणावर असले तर डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, जाणार कोण? पण डाव्या बटणाच्या फटीत आगकाडी खुपसून ठेवली होती. काळी पडलेली, म्हणजे कालपरवाची नव्हे. उजव्या हातानं बटण, डाव्यानं पत्रा सरकवायचा, तासाला नग वाढतात. ती काडी कुणी खोचली असं विचारल्यावर सगळे वर पंख्याकडं बघायला लागले.

तुमच्या यजमानांच्या प्रेसला गार्ड कुणी काढला, कधीपासून नव्हता आणि सुपरवायझरला ते दिसत होतं का, हे आठवून तारखांसकट लिहून काढा. मशीनचा धोकादायक भाग झाकून ठेवणं 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 21 नं मालकाचं काम होतं. आणि नियम मोडून काम करताना अपघात झाला, पण ते काम मालकाच्याच धंद्यासाठी होतं, तरीही ईएसआय लाभ नाकारत नाही, कलम 51 ब वाचा. 48 तास काम करता येणार नाही असा अपघात इन्स्पेक्टरला कळवणंही बंधनकारक होतं. ते कळवलं नसणार, गाडीवरून पडलेल्या माणसाचं काय कळवायचं! तेव्हा एक अर्ज ईएसआय महामंडळाच्या शाखा कार्यालयाला आणि एक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, म्हणजे फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या खात्याला, दोन्ही स्पीड पोस्टानं. पावत्या जपून ठेवा. आणि 'आता कार्ड काढून देतो' म्हणत मालकानं फॉर्म पुढं केला तर त्यावर कामाला लागल्याची तारीख सहा वर्षांपूर्वीची आहे का ते बघितल्याशिवाय सही नको. अपघातानंतरची तारीख टाकायची युक्ती जुनी आहे.

युनियनचं भय समजू शकतो. कधीकाळी ते खरंही होतं. मद्रासमध्ये कापडगिरणीच्या कामगारांनी 1918 मध्ये संघटना उभारली तर गिरणीवाल्यांनी बी. पी. वाडियांसारख्या नेत्यांवर दावा लावला आणि कोर्टानं मनाई हुकूम दिला. त्यातूनच 1926 चा ट्रेड युनियन कायदा आला. आपल्याकडं तर त्याही आधी, 1884 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना एकत्र करत होते. ते सत्यशोधक, जोतीरावांच्या मुशीतले, आणि फुल्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं कटगुण. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली ती त्याच खटपटीतून. तेव्हा ही काही बाहेरची खूळं नव्हेत.

24 जणांच्या कारखान्यात नोंदणीला किमान 7 सभासद लागतात, जुन्या कायद्यातही आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही. सात-आठ म्हणजे काठावर आहात, एक फुटला की अर्ज अडेल. अजून तीन-चार जोडा, मगच जा. संघटना करतात म्हणून दमदाटी करणं, कामावरून काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. आपल्या 1971 च्या राज्य कायद्यात तक्रारीला 90 दिवस आहेत, पण तसं काही घडलं तर आठवड्याच्या आत वकील गाठा. आणखी एक : ईएसआयचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, म्हणजे हात बरा होईपर्यंतची ती 90 टक्के रक्कम, चालू असेपर्यंत मालकाला कामावरून काढता येत नाही. म्हणून ईएसआयचा अर्ज आधी, युनियनचा नंतर. दोन्ही एकमेकांत मिसळू नका, नाहीतर मालक म्हणतील, युनियन सोड, मग अपघात कबूल करतो.

हलकं काम देतो म्हणतात तर नेमणूकपत्रावर द्या म्हणावं. नव्या संहितेनं प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं सक्तीचं केलंय.

ऑगस्टचा पगार बँकेत ठेकेदाराच्या नावानं आला की कारखान्याच्या, तेवढं पासबुक बघून कळवा. अर्जात दोघांचीही नावं घालायची आहेत, पण पहिलं कुणाचं ते त्यावर ठरेल.