स्टार्टरच्या नावावर तिकीट काढू नका: २०१९ चा माझा अनुभव

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी चहा घेता घेता परत वाचली. मुलीला बेसबॉलच्या मॅचला घेऊन जायचं म्हणून दुप्पट भावाने तिकिटं काढलीत. ज्याच्यासाठी काढलीत त्या स्टार्टरला, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला), मॅनेजरने नऊपैकी चौथ्या इनिंगमध्येच बाहेर बोलावलं, आणि पुढच्या मॅचला तर जाहीर झालेलं नावच आदल्या दिवशी बदललं. सहा महिने टीमचा भार वाहणारे हे पिचर ऑक्टोबर, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, आला की असे का ढेपाळतात, आणि तिकीट कंपनीकडून पैसे परत मिळतील का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही मिळणार. हे मी स्वतः भोगलेलं आहे, म्हणूनच एवढं लांब लिहितेय.

मी काही जाणकार नाही. मुलगा लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये) खेळायला लागला तेव्हापासून आमच्या घरात बेसबॉल आला, आणि आम्ही व्हर्जिनियात राहतो म्हणून वॉशिंग्टन नॅशनल्स आमची टीम. नियम, स्कोअर, रोटेशन (स्टार्टरच्या पाळ्या) हे सगळं तुम्हाला कळतं असं धरून चालते; इतर वाचणाऱ्यांसाठी अवघड शब्दांचा अर्थ जाता जाता देते.

नॅशनल्सच्या माणसाला स्टार्टरवरून होणारा मनस्ताप नवा नाही. २०१२ मध्ये टीमने ९८ मॅच जिंकल्या. आमचा स्टार्टर स्टीफन स्ट्रासबर्गच्या कोपराचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून सप्टेंबरमध्येच त्याला घरी बसवलं आणि ऑक्टोबरमध्ये तो नव्हताच. सेंट लुईसविरुद्ध निर्णायक पाचव्या मॅचमध्ये ६-० ची आघाडी घेऊनही आम्ही ९-७ हरलो. मग २०१४. आमच्या जॉर्डन झिमरमनने सीझनच्या शेवटच्या दिवशी नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारा फटका, न देता पूर्ण मॅच) टाकला होता, आणि त्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध तो १-० ने पुढे होता. नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट, एक वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला बेस). १०० पिच, म्हणजे टाकलेले चेंडू, झाल्या होत्या. मॅनेजर बाहेर आला आणि चेंडू त्याच्या हातातून काढून घेतला. पुढच्या दोन बॅटरनी दोन हिट मारले, बरोबरी झाली, आणि सहा तासांहून जास्त चाललेली ती मॅच आम्ही १८ व्या इनिंगमध्ये हरलो. ती रात्र आठवली की आजही माझ्या घशाला कोरड पडते. तेव्हा तुमचा चौथ्या इनिंगचा राग मला पुरता कळतो.

पण मला सगळ्यात महाग पडलं ते २०१९. मॅनेजरचा त्यात काही दोष नव्हता. चूक माझी होती, आणि उरलेला दोष एका तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनचा. तिचं नाव घेत नाही.

वॉशिंग्टनमध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची अंतिम लढत, १९३३ नंतर पहिल्यांदा येत होती. मंगळवारी, २२ ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये पहिली मॅच आमच्या मॅक्स शर्झरने टाकली आणि आपण जिंकलो. मी बोटांवर मोजलं: स्टार्टरला साधारण चार दिवसांची विश्रांती, म्हणजे पाचवी मॅच परत शर्झरची. रविवार, २७ तारीख, आणि आपल्या घरच्या मैदानावर! बुधवारी ऑफिसात बसूनच दोन तिकिटं घेतली, माझं आणि मुलाचं. घराच्या महिन्याच्या हप्त्याएवढे पैसे गेले. २७ तारखेला लक्ष्मीपूजन होतं हे मला माहीत होतं. माहीत असून घेतली.

सासूबाई कराडहून सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. पूजा संध्याकाळी सातची होती, ती मी साडेचारवर आणली. "दिवसाउजेडी लक्ष्मीपूजन?" एवढंच त्या एकदा म्हणाल्या. नंतर काही बोलल्या नाहीत. केरसुणीला हळदकुंकू लावलं, लाह्या-बत्तासे मांडले, धणे-गूळ ठेवला. आरती चालू असताना मुलगा फोन घेऊन समोर आला. चेहरा उतरलेला. शर्झरची मान आखडली होती, त्याला अंथरुणातून नीट उठताही येत नव्हतं. त्याच्या जागी जो रॉस.

इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मी आरतीचं ताट सासूबाईंच्या हातात दिलं आणि तिकिटं विकायला बसले. डोक्यात एकच: पैसे सोडवायचे. अ‍ॅप म्हणत होतं की मूळ विकणाऱ्याकडून तिकिटं अजून तुमच्या खात्यात आलेलीच नाहीत, म्हणून तुम्हाला ती विकायला काढता येणार नाहीत. हेल्पलाइनला फोन केला. पहिल्या बाई म्हणाल्या अ‍ॅपमधूनच करा. दुसऱ्यांदा एक गृहस्थ म्हणाले, मॅच होणार आहे ना, मग तक्रार कसली? अहो, मी पैसे परत मागतच नव्हते! मला पाहिजे होती ती पैसे भरून घेतलेली माझी तिकिटं, एवढंच. हे मी त्यांना चार वेळा सांगितलं असेल. त्यांच्याकडे एकच वाक्य होतं, पिचर बदलणं हे मॅच रद्द होण्यात बसत नाही. तिसऱ्यांदा पाऊण तास नुसतं संगीत ऐकवलं आणि फोन कट झाला. तिकिटं खात्यात आली पावणेसातला. तोवर विकण्यात अर्थ उरला नव्हता. पूजेनंतर सगळ्यांनी एकत्र बसून फराळ करायचा, तोही झाला नाही.

धावत रेस्टनहून मेट्रो पकडली, लांफाँ प्लाझाला गाडी बदलली, नेव्ही यार्डला उतरलो. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष मॅचला येणार होते, त्यामुळे गेटवर तपासणीची रांग लांबलचक. आम्ही खुर्चीत बसलो तेव्हा दोन इनिंग होऊन गेल्या होत्या आणि योर्दान अल्वारेझच्या होमरनने (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) ह्यूस्टन २-० पुढे होतं. समोर ह्यूस्टनचा स्टार्टर गेरिट कोल सात इनिंग टाकून गेला, एकच रन देऊन. आम्ही ७-१ हरलो.

मला शर्झरचा राग आला नाही हे खरं सांगते. माणसाची मान वळत नाही तर तो काय करणार? राग आला तो फोनवरच्या त्या दीड-दोन तासांचा. मॅच हरली तर हरली, पण दिवाळीची ती संध्याकाळ मी एका कंपनीच्या होल्ड म्यूझिकला दिली. परतीच्या गाडीत मुलगा खिडकीला डोकं टेकून झोपला होता आणि मी सासूबाईंना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. घरी गेले तर त्यांनी आमच्यासाठी करंज्या आणि चिवडा झाकून ठेवला होता.

बुधवारी सातवी मॅच घरीच बघितली. शर्झर आला, पाच इनिंग टाकल्या, सात हिट आणि चार वॉक दिले, प्रत्येक इनिंगला जीव टांगणीला, पण रन दोनच. पॅट्रिक कॉर्बिनने नंतर तीन इनिंग सांभाळल्या आणि ६-२ ने जिंकलो. त्या सिरीजमध्ये घरच्या मैदानावर कोणतीच टीम जिंकली नाही, सातच्या सात मॅच पाहुण्यांनी नेल्या. सासूबाई शेवटपर्यंत जाग्या होत्या. शर्झरचा एक डोळा निळा आणि एक तपकिरी, हे त्यांनी टीव्हीवर हेरलं होतं. "दोन रंगांच्या डोळ्यांचा तो, त्याची मान बरी झाली ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

आता तुमचा पहिला प्रश्न. ढेपाळतात, हे मला पटत नाही. ऑक्टोबरपर्यंत त्या खांद्यावर दीडशे-दोनशे इनिंग चढलेल्या असतात, आणि समोर रोज चांगल्यातली चांगली लाइनअप (बॅटरची फळी). लॉस एंजेलिसच्या क्लेटन कर्शॉने तीन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकले, तरी २०१४ च्या सेंट लुईसविरुद्धच्या बिघडलेल्या सातव्या इनिंगवरून लोक त्याला वर्षानुवर्षं बोलत राहिले. २०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने दोन मॅच जिंकून दिल्या तेव्हा कुठे तोंडं बंद झाली. मला हे अन्यायाचं वाटतं.

स्टार्टरला लवकर काढण्यामागचं कारण तुम्हाला ठाऊक असेल. बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की त्याला पिचरचा हात दिसायला लागतो, क्रिकेटमध्ये सेट झालेल्या बॅट्समनसारखं. शिवाय प्लेऑफमध्ये, म्हणजे ऑक्टोबरच्या या बाद फेऱ्यांत, मधे सुट्टीचे दिवस असतात, बुलपेन (राखीव पिचर) ताजं असतं. हिशोब म्हणून बरोबर आहे. पण माझं ठाम मत आहे की पिचर त्या दिवशी कसा टाकतोय ते न बघता आकड्यांच्या तक्त्यावरून चेंडू काढून घेणं चूक आहे. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचमध्ये टॅम्पाने आपला स्टार्टर ब्लेक स्नेलला ७३ पिचवर काढलं. दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट (पिचरने बाद केलेले बॅटर), १-० पुढे. त्याच इनिंगमध्ये आघाडी गेली आणि सिरीजही गेली. आमच्या त्या सातव्या मॅचमध्येही ह्यूस्टनने आपला स्टार्टर ग्रिंकीला ८० पिचवर काढलं आणि पुढच्याच बॅटरने, हाउवी केंड्रिकने, फाउल पोलवर (मैदानाच्या कडेच्या खांबावर) होमरन आदळला. मी घरात ओरडले, पण त्या क्षणी ह्यूस्टनच्या कुठल्यातरी घरात काय झालं असेल तेही डोक्यात आलं. आणि २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यामामोतोने आपल्या लागोपाठच्या दोन मॅच पूर्ण टाकल्या, १११ आणि १०५ पिच. म्हणजे टाकणारा असेल तर टाकू देता येतं. उलट बाजूही सांगायला हवी: २००३ मध्ये बोस्टनने स्टार्टर पेद्रो मार्तिनेझला आठव्या इनिंगमध्येही टाकत ठेवलं आणि ५-२ ची आघाडी घालवली. त्यामुळे मॅनेजरच्या जागी बसून निर्णय घेणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

तिकिटाचं म्हणाल तर माझं मत असं. नाव बघून घ्यायचंच असेल तर सिरीजच्या पहिल्या-दुसऱ्या मॅचचं घ्या, पुढची मोजणी बोटांवर करू नका. त्यातही त्याच दिवशी दुपारनंतर घ्या, लाइनअप बाहेर आली की. भाव वाढलेले असतील, पण निदान कोण टाकणार हे कळलेलं असेल. आणि तिकिटं लगेच खात्यात येणार आहेत का ते नीट वाचा. "मॅचच्या आधी मिळतील" असं लिहिलेलं असेल तर ती घेऊच नका, ती विकायची वेळ आली तर हात बांधलेले राहतात. हे सगळं माझ्या २०१९ च्या अनुभवावरून आहे. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतात, तेव्हा तुमच्या तिकिटावरच्या अटी तुम्हीच बघा. तक्रार करायचीच असेल तर फोनवर करू नका, लिहून करा, आणि दिवाळीच्या दिवशी तर अजिबात नको.

एक शेवटचं, मुलीसाठी. पुढच्या वेळी तिला स्कोअरकार्ड आणि पेन्सिल द्या. स्टार्टर चौथ्या इनिंगला गेला तरी तिचे रकाने भरायचे राहतात, मूल कंटाळत नाही. माझ्या मुलाने त्या रविवारी सकाळीच कार्डावर मोठ्या अक्षरांत शर्झर लिहून ठेवलं होतं. ते कार्ड अजून आमच्या कपाटात आहे. शर्झर खोडून रॉस लिहिलंय, आणि पहिल्या दोन इनिंगचे रकाने कोरे आहेत.