फ्लोराइडमुळे मुलांची बुद्धी कमी होते असे संशोधन आले आहे, मग मुलांची फ्लोराइडची टूथपेस्ट बंद करावी का?

आपण लिहिले आहे की अमेरिकेतल्या अहवालाची बातमी वाचल्यापासून घरात चार वर्षांच्या मुलीच्या टूथपेस्टवरून वाद चालू आहे, आपण पुण्यात राहता आणि महापालिकेच्या नळाचे पाणी पिता. तेव्हा आपल्यापुरते उत्तर सोपे आहे. पेस्ट बंद करू नका, वाटाण्याएवढीच द्या आणि फेस न गिळता थुंकायला शिकवा. पुढचे सगळे लिहिण्याचे कारण असे की ही बातमी ज्या पाण्याबद्दल आहे ते पाणी आपल्या नळाला नाही, आमच्या बोअरिंगला येते, आणि तरीही या विषयावर बोलणारे सगळे जण टूथपेस्टवरच बोलत असतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या बाजूच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवत होतो. यवतमाळ आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या अनेक गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. ते कोणी मिसळलेले नाही, खडकातून उतरलेले आहे. पाणी जितके खोल आणि जितका काळ खडकात मुरलेले, आणि त्यात कॅल्शियम जितके कमी, तितके त्यात फ्लोराइड सहसा जास्त विरघळते. पूर्वी गावे उघड्या विहिरीचे पाणी पीत होती. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यभर खोल विंधन विहिरी झाल्या, हातपंप बसले, पटकी-हगवणीचा धोका कमी झाला, आणि काही गावांत त्याच पाण्याने दुसरे दुखणे आणले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. त्याच्या वर गेलेल्या हातपंपाला लाल रंग देतात. रंग दिला की काम झाले असे समजण्याची पद्धत आहे, आणि उन्हाळ्यात त्याच लाल पंपावर घागरींची रांग लागते.

आमच्या शाळेत एकदा दंत तपासणीचे शिबिर झाले. शहरातल्या एका दंत महाविद्यालयाची गाडी आली, व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या आणि मुलांना रांगेने बसवून टॉर्चने तोंडे पाहणे सुरू झाले. चौथीतली एक मुलगी खुर्चीवर बसली आणि तोंड उघडण्याआधीच तिचा हात ओठांवर गेला, कारण आमच्याकडे मुलींना ही सवय अक्षरे गिरवण्याच्या आधी लागते. तिच्या वरच्या दोन मोठ्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते, मधला भाग खडूसारखा पांढुरका होता आणि कडेला सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी टॉर्च खाली केला आणि विचारले, "खर्रा खातेस का गं? घरी कोण कोण खातं?" खर्रा म्हणजे आमच्याकडचा सुपारी-तंबाखूचा घोटलेला चुरा. मुलगी रडायला लागली. तिची आई शाळेत खिचडी शिजवायला येत असे. ती चुलीपासून उठून आली आणि म्हणाली, "सायेब, आमी त रोजच मंजन लावतो. राखुंडी लावली, मीठ लावून पाह्यलं. हे घासून जात नाही. बोरिंग झाल्यापासून पोट्ट्यायचे दात असेच येऊन राह्यले."

डॉक्टरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. तेव्हा मी सातवीतल्या एका मुलाला बोलावले आणि त्याचे दात पाहण्याची विनंती केली. हा मुलगा जन्मापासून पाचव्या वर्षापर्यंत मामाच्या गावी, नदीकाठच्या विहिरीच्या पाण्यावर वाढला होता आणि नंतर आमच्या गावात आला. आता तो त्याच बोअरिंगचे पाणी पीत होता, तेच मंजन लावत होता, आणि त्याच्या बापाचा खर्रा तर साऱ्या गावाला ठाऊक होता. तरी त्याचे पुढचे दात स्वच्छ, चकचकीत होते. मागच्या नव्या दाढांवर मात्र पांढरे पट्टे होते. पुढच्या दातांचे एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, पहिल्या चार-पाच वर्षांत तयार होते, मागच्या दुसऱ्या दाढेचे सात-आठ वर्षांपर्यंत होत राहते, हे डॉक्टरांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असणार. जो दात ज्या काळात घडत होता त्या काळातले पाणी त्या दातावर लिहिलेले होते. डॉक्टरांनी पाहिले, मान हलवली, आणि पुढच्या मुलाला हाक मारली. नोंदवहीत चौथीच्या त्या मुलीपुढे "तंबाखूचे डाग, अस्वच्छता" असेच लिहिले गेले, आणि शिबिराच्या शेवटी आम्हा शिक्षकांना मुलांना दात घासायला शिकवण्याबद्दल भाषण ऐकावे लागले.

मला हे अजूनही सहन होत नाही, कारण फरक ओळखणे अवघड नाही. तंबाखूचा डाग हिरडीच्या कडेने आणि दातांच्या आतल्या बाजूला धरतो आणि खरवडल्यावर निघतो. फ्लोराइडचा पट्टा आडवा असतो, डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर एकाच पातळीला असतो आणि खरवडून निघत नाही, कारण तो दातावर नसून दातात असतो. एनॅमल पक्के होताना त्यातली प्रथिने निघून जाऊन खनिजांना जागा मिळावी लागते. फ्लोराइड जास्त झाले की ती प्रथिने उशिरा निघतात आणि एनॅमल आतून सच्छिद्र राहते. असा दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हा तपकिरी नसतोच, खडूसारखा निस्तेज असतो, आणि तपकिरी रंग त्या छिद्रांत नंतर चढतो. त्यामुळे आईवडिलांना वाटते की आधी दात चांगला होता, पोराने घासला नाही म्हणून खराब झाला, आणि डॉक्टरांना वाटते की घरात खर्रा आहे.

ही चूक नवी नाही. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य आले तेव्हा तिथल्या लोकांचे दात असेच तपकिरी होते, आणि गावात त्याची कारणे डुकराच्या मांसापासून निकृष्ट दुधापर्यंत सांगितली जात होती. मॅके यांनी या एका प्रश्नामागे अनेक वर्षे घालवली. १९२३ मध्ये ते आयडाहो राज्यातल्या ओकली गावी गेले. तिथल्या आयांनी त्यांना सांगितले की दूरच्या गरम झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांचे दात असे येऊ लागले. मॅके यांना त्या पाण्यात काहीच सापडले नाही, तरी त्यांनी आयांचे म्हणणे खरे धरले आणि तो नळ कायमचा बंद करायला सांगितले. गावाने दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेतले, आणि काही वर्षांत धाकट्या मुलांचे दात स्वच्छ येऊ लागले. फ्लोराइडचे नाव तर १९३१ मध्ये कळले, जेव्हा अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांनी वर्णपटाच्या साहाय्याने पाण्याची तपासणी केली. म्हणजे कारण सापडण्याच्या काही वर्षे आधीच गावाने पाणी बदलले होते, आणि तेही आयांच्या सांगण्यावरून. आमच्या व्हरांड्यातल्या बाईने डॉक्टरांना नेमके हेच सांगितले होते.

आता त्या बातमीकडे येतो. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्राम या सरकारी संशोधन संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला त्याचा निष्कर्ष लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेल्या पाण्यापुरता आहे. अशा पाण्याशी मुलांचा बुद्ध्यांक कमी असण्याचा संबंध दिसतो, असे तो "मध्यम" खात्रीने सांगतो. दर्जेदार मानलेल्या १९ अभ्यासांपैकी १८ अभ्यासांत हा संबंध दिसला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच मंडळींनी ७४ अभ्यास एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला. त्यात लघवीतले फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढले की बुद्ध्यांक सरासरी १.६३ गुणांनी कमी दिसतो, असे निघाले. पण त्या ७४ पैकी ५२ अभ्यास सदोष असण्याची शक्यता जास्त, हेही त्यांनीच नोंदवले आहे, आणि पाण्यातले प्रमाण १.५ पेक्षा कमी असेल तिथे त्यांना हा संबंध दिसला नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी नळाच्या पाण्यात फ्लोराइड मुद्दाम घालतात ते लिटरला ०.७ मिलिग्रॅम. तिकडे भांडण या ०.७ वर चालले आहे, आणि ज्या अभ्यासांच्या आधारे ते चालले आहे त्यांतले बहुतेक चीनमधल्या आणि काही आपल्या देशातल्या गावांत झालेले आहेत.

मी हा अहवाल खोटा म्हणत नाही. फ्लोराइड आईच्या रक्तातून वारेवाटे गर्भापर्यंत पोहोचते, त्यामुळे वाढत्या मेंदूवर परिणामाची शंका रास्त आहे. पण जिथे बोअरिंगचे पाणी खराब असते तिथे बहुतेक वेळा आईचे रक्तही कमी असते, घरात पुस्तक नसते आणि शाळेत एका शिक्षकाकडे दोन वर्ग असतात. या सगळ्यातून एकट्या फ्लोराइडचा वाटा वेगळा काढणे फार कठीण, आणि तो काढताना जे अभ्यास कमी पडले त्यांनाच सदोष म्हटले आहे.

माझा राग वेगळ्याच ठिकाणी आहे. नागपूरला माझा आतेभाऊ आहे, शिकलेला, चांगल्या हुद्द्यावर. अनेक वर्षे प्रत्येक लग्नकार्यात तो मला ऐकवत आला की तुमच्या गावच्या पोरांना शिस्त नाही, दात घासत नाहीत, आणि तुम्ही मास्तर लोक पाण्याच्या नावाने ओरडता. पाण्याच्या तपासणीचा कागद त्याच्यापुढे ठेवला तरी त्याने तो कधी वाचला नाही. आता त्यानेच ही बुद्ध्यांकाची बातमी मला पाठवली आणि खाली लिहिले, "तरीच!" गोष्ट दातांची होती तोवर पाणी हे कारण त्याला मान्य नव्हते. गोष्ट बुद्धीची निघाल्यावर मात्र तेच कारण त्याला लगेच पटले. त्याला मी असे उत्तर देऊ शकलो असतो की याच पाण्यावर वाढलेली आमची मुले शिष्यवृत्तीच्या यादीत आली आहेत, पण दोन-चार हुशार मुलांनी असा अभ्यास खोटा ठरत नाही, हे मला कळते. त्याला एवढेच लिहिले की हजारो मुलांच्या सरासरीतला दीड गुणाचा फरक समोरच्या एका मुलाबद्दल काहीच सांगत नाही, कारण तेच मूल दोन वेगळ्या दिवशी परीक्षेला बसले तरी त्याहून जास्त गुणांचा फरक पडतो. आणि हे संशोधन खरे असेल तर त्यातून मुलांना नावे ठेवणे निघत नाही, पाणी बदलणे निघते.

दुसऱ्याच आठवड्यात त्याने जपानची बातमी पाठवली, दात पुन्हा उगवणाऱ्या औषधाची. क्योतो येथे २०२४ मध्ये त्याची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली हे खरे आहे, पण ती औषध सुरक्षित आहे का एवढेच पाहण्यासाठी, दात पडलेल्या प्रौढ पुरुषांवर होती, आणि ते औषध मुळात ज्यांना जन्मतःच काही दात येत नाहीत त्यांच्यासाठी आहे. आमच्या मुलांना दात येतातच. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येताच संपतात, त्यामुळे झालेले एनॅमल दुरुस्त होत नाही, वरून भरणी किंवा पातळ आवरण बसवता येते.

आपल्या माहेरी किंवा सासरी कोणी अशा गावात असेल तर त्यांना पेस्टच्या आधी पाणी पाहायला सांगा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत किंवा थेट जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो, आणि तो पावसाळ्याआधी व नंतर असा दोनदा द्यावा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढते. तुरटी फिरवणे किंवा क्लोरीन टाकणे याचाही उपयोग नाही. तुरटी आणि चुना मोजून मिसळण्याची नलगोंडा पद्धत आहे, ती आमच्या नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने शोधली आहे, पण ती रोज नीट करावी लागते, आणि गावात बसवलेली बहुतेक संयंत्रे वीजबिल किंवा देखभालीअभावी बंद पडलेली मी पाहिली आहेत. आरओने फ्लोराइड कमी होते. जवळच उथळ विहीर असेल आणि तिचे पाणी तपासणीत चांगले निघाले, तर पिण्यापुरते तेच आणून क्लोरीन टाकणे सर्वांत स्वस्त पडते. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालील मुले यांना आधी ते द्यावे. दूध-ताक, हिरव्या भाज्या आणि चिंच आहारात असावी. चिंचेमुळे लघवीवाटे फ्लोराइड जास्त बाहेर पडते असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात २००२ मध्ये दिसले होते, अर्थात चिंच हा पाण्याला पर्याय नव्हे.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. खर्रा आमच्याकडे आहेच, आणि त्याने ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही अशी तरुण माणसे मला रोज दिसतात. डॉक्टरांनी त्याबद्दल विचारू नये असे माझे म्हणणे नाही, चौथीतल्या मुलीला दात न पाहता विचारू नये एवढेच आहे. आणि पेस्टबद्दल वर मी जे सांगितले ते पुण्याच्या पाण्यासाठी आहे. भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंतच, म्हणजे दहा लाख भागांत एक हजार भागांपर्यंतच, फ्लोराइड ठेवता येते आणि ते नळीवर छापलेले असते. थुंकून टाकणाऱ्या मुलाला त्याने अपाय होत नाही आणि दात किडण्यापासून संरक्षण मिळते. परंतु ज्या गावचे पाणी १.५ च्या वर आहे तिथे सहा वर्षांखालच्या मुलाला कोणती पेस्ट द्यावी हे पाण्याचा अहवाल दाखवून दंतवैद्यालाच विचारावे. आपण पाण्याचा अहवाल मागवला तर त्यातला आकडा कळवा, त्याप्रमाणे पुढचे लिहितो.