लेखनाची शिस्त लावून घेता येते, की ते उपजतच असावे लागते?

रोज लिहिण्याची शिस्त कशी लावावी आणि मुळात प्रतिभाच नसेल तर त्या शिस्तीचा काही उपयोग होतो का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण त्याच मुद्द्यावरून एका ज्येष्ठ संपादकांशी माझा कायमचा मतभेद झाला.

आईच्या आजारपणावरचा माझा एक लेख त्यांनी छापला आणि पत्रात लिहिले की, असे लेखन आतून आपोआप उमटते, ते घडवता येत नाही. मला राहवले नाही. पुढच्या भेटीत मी त्या लेखाचे सातही खर्डे त्यांच्यापुढे ठेवले. पहिल्यात 'अत्यंत व्याकूळ अंतःकरणाने ती दाराकडे एकटक बघत उभी होती' असे वाक्य होते. चौथ्यात व्याकूळ अंतःकरण गेले, पाचव्यात 'एकटक' गेले आणि सातव्यात 'ती दाराशी उभी होती' एवढेच उरले. सुरुवातीचे दोन परिच्छेद तर मी समूळ काढले होते, कारण त्यांत मी नुसता विषयाभोवती घुटमळत होतो. त्यांनी कागद चाळून परत केले आणि म्हणाले, "हे कोणाला दाखवू नका." खाडाखोड लपवायची असते, हे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसत आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांत 250 शब्द लिहीत. मृत्यूनंतर, 1883 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे उघड सांगितले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. मला त्यांची दुसरी सवय अधिक मोलाची वाटते: पहिला अर्धा तास ते आदल्या दिवशीचे लेखन वाचण्यात घालवत. शिस्तीची सुरुवात तेथूनच करावी, म्हणजे कोऱ्या कागदाची धास्ती बरीच ओसरते. वाचताना मोठ्याने वाचावे. जीभ जिथे अडखळते, तिथे बहुधा वाक्यच बिघडलेले असते.

हे सारे गद्याबद्दल आहे. कवितेचा मला अनुभव नाही, आणि एकटाकी उत्तम लिहिणारेही असतात, हे मान्य करतो. परंतु नवोदिताला प्रतिभेचे कारण सांगून परत पाठवणे हा अन्याय आहे. माझे ते सात खर्डे मी जपून ठेवले आहेत आणि लिहू पाहणारे कोणी भेटायला आले की आधी तेच त्यांच्या हाती देतो.