हरणांसाठी चारा पेरायचाय? कडवळ नको, मारवेल लावा

प्रश्न (वैजापूर तालुका): माळालगत एक एकर मुरमाड पड आहे. हरणांचे कळप हिवाळ्यात हरभऱ्यात, उन्हाळ्यात कांद्यात उतरतात. त्यांच्यासाठी पडीवर चारा पेरायचा विचार आहे. कृषी केंद्रवाल्याने कडवळाचे (चाऱ्याच्या ज्वारीचे) बी आणि दोन गोण्या युरिया सांगितला. पेरू का?

उत्तर: विचार चांगला आहे, सल्ला घातक आहे. बी घेतले असेल तर परत करा.

ज्वारीवर्गातल्या कोवळ्या पानांत हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते. पावसाने ताण दिला की ते वाढते, युरिया जास्त झाला की आणखी वाढते, कापणीनंतरच्या फुटव्यात तर सगळ्यात जास्त. म्हणूनच आपण गुरांना कडवळ फुलोऱ्यात आल्याशिवाय घालत नाही. हरणाला कोण थांबवणार? ते कोवळा शेंडाच खुडते. मुरमाड जमीन, जुलैचा खंड आणि वर दोन गोण्या युरिया, म्हणजे चारा नव्हे, विषच पेरले. गायीला बाधले तर डॉक्टर येतो, माळावरच्या काळविटाला तो मिळत नाही.

दुसरे, विकतच्या बियाण्याला औषध चोळलेले असते. वर उघडे पडलेले दाणे मोर-तित्तर टिपतात आणि मरतात.

लावायचे ते गवत. काळवीट मुळात गवतावर जगणारे जनावर आहे. मारवेल गवत (वाण फुले मारवेल 06-40) आणि जोडीला स्टायलो हा शेंगवर्गीय चारा, ही जोडी मुरमाड पडीला मी सगळ्यांना सांगतो. मारवेलाचे मुळासकट ठोंब 45 बाय 30 सेंमीवर लावा. दोन ओळी मारवेल, एक ओळ स्टायलो. एकरी साधारण वीस हजार ठोंब आणि दीड किलो स्टायलोचे बी लागते. स्टायलोच्या बियांचे कवच टणक असते. 80 अंश तापलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवा, लगेच गार पाण्यात काढा, सावलीत सुकवा. उकळत्या पाण्यात टाकले की बी शिजते, मग दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही. पाचपट चाळलेल्या मातीत मिसळून पेरा, एक सेंटिमीटरपेक्षा खोल नाही. उगवण फसते ती बहुतेक इथेच.

धूळपेरणी नको. जमीन चांगली भिजू द्या, पुढे पावसाची खात्री वाटली की मगच लावण. लावणीवेळी सिंगल सुपर फॉस्फेट दोन गोण्या. युरिया एकरी फक्त 20 किलो, पहिल्या खुरपणीनंतर, ओलीवर आणि मातीआड. फेकायचा नाही. मिठाच्या शोधात असलेली जनावरे उघडे दाणे चाटतात, आणि युरिया पोटात गेला की रवंथ करणारे जनावर तासा-दोन तासांत आडवे होते. पुन्हा सांगतो: 20 किलो. दोन गोण्या नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात भोवती बोरी-बाभळीच्या फांद्या रोवा. ठोंब धरायच्या आत चरले तर उपटून येतात. शेळ्या तर अजिबात सोडू नका. ऑक्टोबरमध्ये निम्मे गवत दहा-पंधरा सेंमी राखून कापा, निम्मे उभे ठेवा. फेब्रुवारीनंतर खरी उपासमार असते, तेव्हा तेच कामी येते. कडेने दोन मीटर पट्टा साफ ठेवा, म्हणजे शेजारच्या बांधाची आग आत येणार नाही. आणि जागा निवडताना बघा: डांबरी रस्ता आणि बिनकठड्याची विहीर जवळ नको. कळप बिचकला की सरळ उड्या मारत सुटतो.

चारा लावला म्हणून कांदा सुरक्षित झाला, असे मात्र समजू नका. हरभऱ्याच्या कडेने करडईच्या सहा ओळी घ्याच, आणि त्या हरभऱ्याआधी पंधरा दिवस, सप्टेंबरअखेर. करडई लहान असताना काटा नसतो, तेव्हा तीच खाल्ली जाते. वाण काटेरी मागा, परभणी कुसुम किंवा भीमा. काढायला सोपी म्हणून दुकानात नारी-6 पुढे करतात. तिला काटाच नाही.

प्रश्न (हिंगोली): धुऱ्यावर फोरेट (दाणेदार कीटकनाशक) टाकले की रोही (नीलगाय)-डुक्कर फिरकत नाही, असे दुकानदार म्हणतो.

उत्तर: फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. जो विकतो तो जुना माल तुमच्या गळ्यात मारतो. पावसाने ते ओघळून विहिरीत जाते, हाताळणाऱ्या मजुराला बाधते, मेलेले जनावर खाऊन कुत्री-घारीही मरतात. काळवीट आणि चिंकारा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते या विषाने मेले तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. तारेत घरची वीज सोडणे त्याहून वाईट, त्यात माणसे जातात. फोरेट नको, करंटही नको.

नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे तक्रार द्या, पंचनामा होईपर्यंत पीक मोडू नका. सौर कुंपणाच्या अनुदानाला तुमचे गाव बसते का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

प्रश्न (पाटोदा): पाणवठा कसा करावा?

उत्तर: बशीसारखा, मधे एक फूट खोल, चारी बाजूंनी उतरता. उभ्या भिंतीचा हौद केला तर पाडस आत पडते. कडेला खडबडीत दगड बसवा, गुळगुळीत सिमेंटवर खूर घसरतो. पिकापासून लांब, गवताच्या तुकड्याजवळ. मार्चमध्ये भरायला सुरुवात केली तर पाऊस पडेपर्यंत भरत राहा. मधेच थांबलात तर कळप तिथे येऊन तहानलेला राहतो आणि पुढचे पाणी तुमच्या ठिबकच्या नळ्या फोडून शोधतो.