ताण तोडायची तारीख

बेटा,

परवा पोह्यांची ताटली तशीच ठेवून तू उठलीस आणि जाता जाता विचारलंस, "नाना, परीक्षेचा थोडा ताण तर पाहिजेच ना? मग माझा चांगला की वाईट, ओळखायचं कसं?" तुझे वडील समोर बसले होते म्हणून मी गप्प राहिलो. आता लिहितो.

मेहनत कर, धीर धर, हे तुला सांगणार नाही. ते तुझ्या घरात तुझ्याआधीपासून आहे.

शेतकऱ्याची पोर तू, आणि ताण म्हणजे काय हे मोबाइलला विचारतेस? आपल्या भागात मोसंबीला ताण देतात. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा म्हणून डिसेंबरात पाणी बंद करतात. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, थोडी गळतात, आणि पालवीत खर्च झालं असतं ते अन्न फांद्यांत साठून राहतं. पाणी मिळालं की त्याच साठ्यावर झाड फुलतं. पण पाणी बंद करतानाच ताण कधी तोडायचा, म्हणजे ते परत कधी सोडायचं, हे शेतकऱ्याने धरलेलं असतं. तारीख असलेला ताण बहार आणतो. तारीख नसलेला झाड खातो. मला एवढंच सांगायचं आहे, आणि शेवटपर्यंत हेच सांगणार आहे.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. नोकरीच्या सातव्या वर्षी वडील धुळ्याला दवाखान्यात होते. बाग माझ्याकडे आली. खाटेवरून त्यांनी एकच गोष्ट बजावली, "तान दे, पन तारीख इसरू नको." पंधरा जानेवारी ठरली होती. जळगावला आमच्या ऑफिसात तेव्हा ऑडिट चाललं होतं. आज जातो, उद्या जातो करत मी गेलो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. झाडं शेंड्याकडून वाळत आली होती. विहिरीत पाणी होतं. मी सोडलं नव्हतं, एवढंच. चाळीस झाडं उपटावी लागली. वडील बरे होऊन आले, बांधावर उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. वाळलेल्या फांद्यांना आपल्याकडे सल म्हणतात. त्या वर्षी दोन महिने मी कोयत्याने सल काढत होतो.

आणि तरीही मी काही शिकलो नाही. बागेला जे केलं तेच पुढे अकरा वर्षं स्वतःला केलं. मार्च एंड संपला की ऑडिट, ऑडिट संपलं की बदलीची टांगती तलवार. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरचे प्रयोग मांडले. थंडी असो, इजा असो की अतिश्रम, शरीर तीन टप्प्यांतून जातं: आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, आणि त्रास चालूच राहिला तर कोसळणं. यातला मधला टप्पा फसवा आहे. बाहेरून सगळं ठीक दिसतं. माणूस कामावर जातो, हसतो, लग्नात पंगतीला वाढतो. मी तसा होतो. बेचाळिसाव्या वर्षी रक्तदाब आणि साखर दोन्ही एकाच कागदावर लिहून आली.

तुझे वडील म्हणतात, नानाने नोकरीपायी तब्येत घालवली. मला ते मान्य नाही. त्या पगारावर दोन बहिणींची लग्नं झाली, विहीर खोल झाली, उपटलेल्या जागी नवी झाडं उभी राहिली. ताण घेतला ही माझी चूक नव्हती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. तारीख ठरवली नाही, ही चूक.

आता तुझं. पेपरच्या सकाळी छाती धडधडते, हात गार पडतात, त्याला घाबरू नकोस. मूत्रपिंडावरच्या दोन छोट्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसॉल, आणि डोकं तरतरीत होतं. पेपर संपला की ते उतरतं. हा झाला तारीख असलेला ताण. पण तू रोज पहाटे तीनला जागी होतेस, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं, आईने ताटात काय वाढलं ते आठवत नाही, आणि हे पेपर नसलेल्या दिवसांतही चालू आहे. कॉर्टिसॉल सकाळी चढावं आणि रात्री उतरावं, ही शरीराची रीत. तुझं रात्रीही डोकं शांत होत नाही. मग झोप जाते आणि झोपेबरोबर आठवणही. ज्या आठवणीवर तुझी परीक्षा आहे, तीच तू जाळतेस!

"एक दिवस सुटी घेतली तर वेळ वाया जातो," म्हणालीस तेव्हा मला राग आला होता. अजून आहे. परीक्षेची तारीख तुझ्या हातात नाही, ती पुढे ढकलली जाते. म्हणूनच तुझी तारीख तू ठरव. रोज रात्री दहाला पुस्तक बंद. रविवारी दुपारनंतर अभ्यासिकेत पाऊल नाही. आणि एकूण किती वेळा परीक्षा द्यायची तो आकडा आजच वहीवर लिही. तो आकडा आला की दुसरी वाट धरायची, आणि त्यात कुणाचं नाक कापलं जात नाही.

मात्र सगळं एकदम सोडून दोन महिने गावी येऊन पडू नकोस. ताण तोडताना पहिलं पाणी हलकंच देतात, आंबवणीचं. मग चिंबवणी, म्हणजे दुसरं पाणी. तूही तसंच कर. आधी झोप, वेळेवर जेवण, संध्याकाळी मेहरूण तलावाकडे एक फेरी. पंधरा दिवस कर. तरीही झोप आली नाही, किंवा मी नसले तर बरं असं एकदाही मनात आलं, तर मला फोन कर आणि १४४१६ लाही कर. ते टेली-मानस आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. आजारी झाडाला ताण देत नाहीत, लहान झाडाला देत नाहीत. गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं, त्या महिन्यातही तू दहा तास बसत होतीस. तेव्हा कुणी तुला थांबवलं नाही. मीही नाही.

बागेला आत्ता ताण चालू आहे. पाणी वीस जानेवारीला सोडणार. त्या दिवशी सकाळच्या गाडीने पाचोऱ्याला उतर, मी मोटारसायकलवर न्यायला येतो. येताना ती आकडा लिहिलेली वही आण.

तुझा
नाना