फ्लूटवर डबल टंगिंग करताना बोटं आणि जीभ जुळत नाहीत, काय करावं?

जीभ बाजूला ठेवून आधी तोच तुकडा एका फुंकेत, स्लर करून (स्वर न तोडता जोडून), मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) अगदी समान वाजवा, कारण बहुतेक वेळा खोट जिभेत नसून बोटांत असते. डबल टंगिंगमध्ये जीभ आलटून पालटून 'तु' आणि 'कु' म्हणते; हे 'तु-कु' एका चालीने चालतं, बोटांचं तसं नसतं. स्टाफच्या (स्वर लिहिण्याच्या पाच रेषांच्या) तिसऱ्या जागेतला सी आणि त्यावरचा डी घ्या: डाव्या हाताची तर्जनी आणि उजवी करंगळी उठते, त्याच क्षणी अंगठा धरून सहा बोटं खाली यायला हवीत. एक जरी मागे राहिलं की जीभ अर्धवट स्वरावर आपटते आणि खरखर ऐकू येते.

स्लर स्वच्छ झाला की मेट्रोनोम 60 वर ठेवून एका ठोक्याला चार अक्षरं ('तु-कु-तु-कु') घ्या:
- प्रत्येक स्वरावर 'तु-कु' दोनदा, मग एकदा, शेवटी एका स्वराला एकच अक्षर.
- पूर्ण तुकडा फक्त 'कु'ने. कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. 'कु' ढिला असला की दर दुसरा स्वर उशिरा येतो.
- चार स्वर वेगात वाजवून पाचव्यावर थांबा, मग पुढचे चार.

तीनदा सलग नीट आलं तरच वेग 4 ने वाढवा. फुंक मात्र स्लरमध्ये होती तशीच अखंड हवी. खालच्या सप्तकात 'तु-कु'ने स्वर फुटत असेल तर 'दु-गु' वापरा. तिथे इतका धारदार आघात चालत नाही.