काणकोणचे दरडोई उत्पन्न किती?

प्रश्न : ग्रामसभेत विकास आराखड्यावर चर्चा चालू असताना एका ज्येष्ठ शेतकऱ्याने विचारले, की गोव्याचे दरडोई उत्पन्न चार लाख रुपयांहून अधिक असेल, तर ते आमच्या वाड्यावर का दिसत नाही? काणकोण तालुक्याची लोकसंख्या, उत्पन्न आणि रोजगार यांविषयी खुलासा करावा.
— एक वाचक, गावडोंगरी

उत्तर : त्या शेतकऱ्याची शंका रास्त आहे.

२०११च्या जनगणनेनुसार काणकोणची लोकसंख्या ४५,१७२ होती. गोव्याच्या १४,५८,५४५ लोकसंख्येत हा वाटा शेकडा तीनच्या आसपास येतो, आणि सासष्टी तालुक्यात (२,९४,४६४) याच्या साडेसहापट माणसे राहतात. तेव्हाच्या अकरा तालुक्यांत काणकोण लोकसंख्येने सर्वांत लहान ठरला. ही गणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, हे मात्र ध्यानात ठेवावे. ऐन हंगामात पाळोळे आणि आगोंद येथील शॅकवर (किनाऱ्यावरील हंगामी उपाहारगृहांत) काम करायला आलेले व त्या संपूर्ण काळात आपल्या घरापासून दूर असलेले परप्रांतीय कामगार येथेच मोजले जातात, तर बोटीवर नोकरीला असलेला आपला मुलगा त्या काळात परतला नसेल, तर तो मोजला जात नाही.

उत्पन्नाचा आकडा याहून दूरचा आहे. राज्याच्या हद्दीत वर्षभरात निर्माण झालेल्या मूल्यातून घसारा (यंत्रे-इमारतींची झीज) वजा करून उरलेल्या रकमेला लोकसंख्येने भागले, की दरडोई उत्पन्न मिळते. वेर्ण्याच्या कारखान्यांचे, मुरगाव बंदराचे, मोठ्या हॉटेलांचे मूल्य त्यात येते, मग त्याचा नफा मुंबईला जावो वा परदेशी. उलट, आखातातून किंवा जहाजावरून घरी येणारा पैसा त्यात धरला जात नाही. गोवा आणि सिक्कीम या आकड्यात देशात आघाडीवर आहेत. परंतु ही राज्याची सरासरी आहे, कोणाच्या घरातील मिळकत नव्हे. वेर्ण्यात निर्माण झालेले मूल्य कागदावर गावडोंगरीच्याही वाट्याला येते, एवढेच. ही सरासरी पुढे करून कोणी तालुक्याची गरज नाकारत असेल, तर ते अन्यायाचे आहे, असे मला ठामपणे वाटते.

रोजगाराच्या बाबतीत काणकोणचे खरे चित्र अधिक जवळून दिसते. जनगणनेत वर्षातून सहा महिने वा अधिक काम करणारा तो मुख्य कामकरी, त्याहून कमी काम मिळालेला तो सीमांतिक. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत शॅकवर राबणारा तरुण त्यामुळे मुख्य कामकरी ठरतो, पावसाळ्यात तो रिकामा असला तरी. आणि काजूच्या हंगामापुरती बोंडे वेचून बिया सोडवणारी स्त्री, तिला दुसरे काम नसेल तर, सीमांतिक ठरते. जमीन शॅकवाल्याला देऊन केवळ भाड्यावर जगणारा माणूस तर कामकऱ्यांत मोजलाच जात नाही. पावसाळ्यात डोंगरउतारावर खोला गावची मिरची पिकवायची, हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून फिरवायचे, मार्चमध्ये काजूच्या भाटात (बागेत) जायचे, असे तीन धंदे करणारे कुटुंब आपल्याकडे नवलाचे नाही. परंतु नोंदीत प्रत्येकाला मुख्य काम म्हणून एकच धंदा मिळतो. वेळीप व गावडा समाज २००३ साली अनुसूचित जमातींत आले, त्यांची गणती वेगळी मिळते; त्यांच्या कामाचे हे मिश्रण मात्र त्या तक्त्यातही हरवते.

पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. तोपर्यंत दक्षिण गोव्याच्या २०११च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतून आपल्या गावाचे मुख्य व सीमांतिक कामकऱ्यांचे आकडे काढावेत, आणि ग्रामसभेने वाड्यावाड्यांवर जाऊन प्रत्येक घरी दोनच गोष्टी विचाराव्यात : वर्षातील कोणत्या महिन्यांत कोणते काम मिळाले, आणि कोणते महिने हाताला कामच नव्हते. आराखड्यासाठी राज्याच्या सरासरीपेक्षा घरोघरच्या या उत्तरांची वही अधिक उपयोगी पडेल.